वर्षअखेरीचा निरोप : गावची शाळा आणि माझगावचे पालक

एप्रिल महिना उतरणीस लागला म्हणजे प्राथमिक शाळेत कामांची एकच गर्दी उसळते. उत्तरपत्रिका तपासावयाच्या, प्रगतिपत्रके भरावयाची, हजेरीच्या बेरजा जुळवावयाच्या, पोषण आहाराचा हिशेब पुरा करावयाचा. ह्या साऱ्यांच्या शेवटी, बहुधा निकालाच्या आदल्या दिवशी, पालकांसाठी एक सूचना लिहिली जाते. निकालाचा वार, सुट्टीचा आरंभ आणि शाळा पुन्हा उघडण्याची तारीख एवढा मजकूर तीत आला की ते काम संपले असे समजण्यात येते. वस्तुतः शाळेने वर्षभरात घराशी जे बोलावयाचे त्यांतील हे सर्वांत महत्त्वाचे बोलणे होय. १ मेच्या सुमारास निकाल हाती पडला की जूनच्या मध्यापर्यंत शाळा व घर यांची गाठ पडत नाही. आणि नेमक्या त्याच सहा आठवड्यांत कित्येक मुलांची शाळा बदलते व काहींची नकळत सुटते.

ही सूचना ज्या घरासाठी लिहावयाची ते घर आहे तरी कोठे, हे आधी पाहिले पाहिजे. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील शिक्षकास हे वेगळे सांगावयास नको. त्याच्या वर्गातील पुष्कळशा मुलांचे घर गावात असते, पण घराचा कर्ता मुंबईत असतो. आजी चुलीपाशी, बाप माझगावात आणि आई कधी येथे तर कधी तेथे, अशी ह्या कुटुंबाची मांडणी असते. माझगावचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. कारण कोकण आणि मुंबई यांचा सांधा जेथे पिढ्यान् पिढ्या उघड्या डोळ्यांनी दिसत आला, ते हे ठिकाण.

माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. तेथील आंबा एके काळी नावाजलेला होता. पुढे गोद्या, धक्के व जहाजांचे कारखाने यांनी त्या बेटाचे रूप पालटले. माझगाव गोदी १९६० मध्ये भारत सरकारच्या मालकीची झाली. कोकणच्या आगबोटी भाऊच्या धक्क्यावरून सुटत. पावसाळ्याच्या तोंडाशी ही वाहतूक बंद पडे, म्हणून मे महिन्यात गावी आलेल्या कुटुंबास शेवटची आगबोट गाठणे भाग असे. ती चुकली तर घाटवाटेने प्रवास, नाहीतर मुलाची पुढील शाळा गावातच. १९४८ मध्ये राज्यात एस. टी.ची गाडी धावू लागली, २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आगबोटीची ती निकड राहिली नाही. मात्र मे महिन्यातील जाणेयेणे थांबले नाही, ते वाढले.

ह्या माणसांची मुंबईतील वस्तीही ध्यानी घेण्याजोगी आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्या ट्रस्टच्या चाळी माझगावच्या ताडवाडीतही आहेत. एका खोलीत एका गावची माणसे दाटीने राहत, गोदीत किंवा गिरणीत पाळीने कामास जात आणि बायकामुले गावी ठेवीत. अलीकडे पुष्कळ कुटुंबे दिवा, विरार, नालासोपारा अशा दूरच्या उपनगरांत गेली आहेत. तरी पुढे माझगावाविषयी जे सांगितले आहे ते त्यांनाही लागू पडते.

आता मे महिन्यात काय घडते ते पाहावे. काही मुले गावच्या शाळेतील शेवटचा वर्ग संपवून पुढील शिक्षणासाठी बापाकडे जातात. हे आधी ठरलेले असते, दाखला मागितला जातो व दिलाही जातो. काही मुले उलट दिशेने येतात; मुंबईतील खोली सुटते, बापाचे काम जाते किंवा आजी एकटी पडते, आणि आई मुलांस घेऊन गावी राहावयास येते. तिसरा प्रकार सर्वांत अवघड. मूल केवळ सुट्टीसाठी म्हणून माझगावास जाते. जून उजाडतो. "पुढच्या आठवड्यात पाठवू" असे बाप म्हणतो. मग पाऊस लागतो, मग "आता गणपतीलाच नेऊ" असे ठरते. गावच्या पटावर मुलाचे नाव आहे, माझगावच्या कोणत्याही शाळेच्या पटावर ते नाही. गावी विचारले तर आजी म्हणते, मुंबईला शाळेत जातो. मुंबईत विचारले तर शेजारी म्हणतात, गावच्या शाळेत आहे. शाळा सोडण्याचा निर्णय ह्या कुटुंबात कोणीच घेतलेला नसतो. तरी मुलाचे सहा महिने, क्वचित वर्षही, असेच जाते.

संकटाच्या काळी हा प्रकार शतपटीने वाढतो. १८९६ च्या प्लेगात मुंबईतून लोकांची रीघ बाहेर लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. महिन्यामागून महिने गेले तशी पुष्कळांनी बायकामुले गावी पाठविली. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, पहिली ते आठवीच्या मुलांस परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्यात आले आणि टाळेबंदीत मुंबईतील असंख्य कुटुंबे गावाकडे परतली. त्या वर्षी निकालाचा दिवस असा उगवलाच नाही. ज्या शिक्षकांनी तेव्हा घरोघर फिरून आपल्या गावात कोणते मूल आले आणि कोणते गेले याची यादी केली, त्यांनी कोणत्याही परिपत्रकापेक्षा मोलाचे काम केले असे म्हटले पाहिजे.

कायदा ह्या मुलांच्या बाजूचा आहे, आणि तो प्रत्येक शिक्षकास मुखोद्गत असावा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५ अन्वये कोणत्याही कारणाने एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावे लागणाऱ्या मुलास तसे जाण्याचा हक्क आहे, मग ती शाळा राज्यातील असो वा परराज्यातील. मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा आहे. दाखला आणण्यास उशीर झाला एवढ्या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. उलट, दाखला देण्यास विलंब लावणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असे कलम १४ सांगते. वर्ष सुरू होऊन काळ लोटला म्हणून नाकारू नये असे कलम १५ सांगते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. ही कलमे शाळेच्या दप्तरात असतात. पालकांस मात्र त्यांतील एक अक्षरही ठाऊक नसते. दाखला नसेल तर शाळेत घेत नाहीत, असाच त्यांचा दृढ समज असतो, आणि त्या भीतीनेच माझगावातील बाप महापालिकेच्या शाळेची पायरी चढत नाही.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. शिक्षकांची पदे पटावर अवलंबून असतात. लहान गावांतील पट घटत चालला आहे, आणि वीसहून कमी पटाच्या शाळांच्या भवितव्याची चर्चा वारंवार होत असते. अशा वेळी माझगावास गेलेले मूल "येईल परत" म्हणून पटावर राखून ठेवण्याचा आणि दाखला आज-उद्यावर ढकलण्याचा मोह होतो. शाळा टिकावी ही शिक्षकाची तळमळ समजण्यासारखी आहे. परंतु तिची किंमत त्या मुलाने द्यावी हे कोणत्याही न्यायाने बसत नाही. शिवाय विद्यार्थ्याची नोंद आता सरल व यू-डायस या संगणकीय प्रणालींतही असते. नव्या शाळेकडून आलेली मागणी जुन्या शाळेने वेळीच मान्य केली नाही तर मूल प्रत्यक्ष वर्गात बसूनही कागदावर भलत्याच ठिकाणी राहते. मे महिन्यात ही मागणी पाहावयास कोणी नसते. ती आठवड्यातून एकदा तरी पाहण्याचे काम सुट्टीपूर्वीच कोणाकडे तरी नेमून द्यावे.

दाखल-खारीज रजिस्टर हा शाळेतील सर्वांत मौल्यवान ग्रंथ होय असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जातीचा दाखला व त्याची पडताळणी यांसाठी अर्जदाराच्या, त्याच्या वडिलांच्या व आजोबांच्या प्राथमिक शाळेतील नोंदीचा उतारा पुरावा म्हणून लागतो. आजोबा गावच्या शाळेत दोन यत्ता शिकून गोदीत कामास गेलेले असतात. नातू माझगावात वाढलेला असतो. आणि त्याच्या महाविद्यालयीन प्रवेशाचा धागा गावच्या शाळेतील जीर्ण पानाशी येऊन पोहोचतो. हा नातू उतारा मागावयास येतो तो बहुधा मे महिन्यातच, कारण तेव्हाच त्यास गावी येणे जमते. शाळेस तेव्हा कुलूप असते. चारशे किलोमीटर आलेला मनुष्य कुलूप पाहून परत जातो. यावर उपाय साधा आहे. सुट्टीतील दोन वार आधी ठरवून त्या दिवशी मुख्याध्यापक शाळेत असतील असे पालकांच्या सूचनेत लिहावे व दारावरही लावावे.

याच कारणाने निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाचे नाव, आईचे नाव, आडनाव व जन्मतारीख रजिस्टरातून मोठ्याने वाचून पालकांकडून पडताळून घ्यावी. मूल शाळेत असेतो चूक पुराव्यानिशी व रीतसर परवानगीने दुरुस्त होऊ शकते. दाखला घेऊन ते गेल्यावर तीच दुरुस्ती अतिशय कष्टाची होऊन बसते. पाच मिनिटांचे हे काम पुढील वीस वर्षांची वणवण वाचविते.

निकालाच्या दिवसाविषयीही थोडे लिहिणे अगत्याचे आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून राज्यात आले आणि प्रगतिपत्रकावर गुणांच्या जागी श्रेणी व वर्णनात्मक नोंदी दिसू लागल्या. हेतू उत्तम होता. तथापि "ब-२" ह्या अक्षराने माझगावातील बापास किंवा गावातील आजीस काय बोध होणार? मग पुढील संभाषण घडते.

"गुरुजी, नातू पास झाला ना माझा?"

"झाला हो, आजी."

"मग बरं झालं बाई."

एवढ्यावर वर्षाचा हिशेब मिटतो. त्याऐवजी शिक्षकाने मुलाच्या हाती पुस्तक द्यावे, आजीसमोर चार ओळी वाचून घ्याव्यात आणि मग बोलावे.

"आजी, हा जोडाक्षर आलं की अडखळतो. सुट्टीत रोज एक पान तुम्हांला वाचून दाखवू दे."

"मला कुठं वाचता येतं, गुरुजी?"

"तुम्ही नुसतं ऐका. अडला की तुम्हांला कळेलच."

निरक्षर पालकही मुलाचे वाचन ऐकू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्या शाळांनी उपयोगात आणली आहे. अधिनियमाच्या कलम २४ नेही पालकांस मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. प्रगतिपत्रक हाती ठेवणे म्हणजे माहिती देणे नव्हे.

पाचवी व आठवीच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले. त्या वर्गांत वार्षिक परीक्षेत मूल अनुत्तीर्ण झाल्यास त्यास अतिरिक्त मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावयाची असते. ही संधी सुट्टीच्या काळातच येते, आणि मूल तेव्हा माझगावात असते! तारीख घरी नीट पोहोचली नाही तर केवळ गैरहजेरीमुळे त्याचे वर्ष जावयाचे. ज्या मुलांची ही परीक्षा व्हावयाची त्यांच्या घरी शिक्षकाने स्वतः जावे. कागदावर विसंबू नये.

मुंबईस जाणाऱ्या कुटुंबास शाळेविषयी दोन गोष्टी आधी सांगाव्यात. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ भाषांतून प्राथमिक शाळा चालविते. तेव्हा जवळची महापालिका शाळा मराठीच असेल असे नाही. मराठी माध्यमाच्या शाळांचा पट शहरात घटला आहे व काही शाळा एकत्र केल्या गेल्या आहेत. यास्तव बापाने मे महिन्यातच खोलीजवळची मराठी शाळा कोणती व ती कितव्या इयत्तेपर्यंत आहे याची चौकशी करून ठेवावी. पाठ्यपुस्तके तेथेही मिळतात, त्यांची चिंता नको.

आता सूचनेच्या भाषेकडे वळू. "सर्व पालकांस सूचित करण्यात येते की, शैक्षणिक वर्षाच्या समाप्तीनिमित्त खालील बाबींची नोंद घेण्यात यावी" असा आरंभ पुष्कळ शाळांत दृष्टीस पडतो. ही भाषा कचेरीकडून शाळेकडे येते आणि शाळा ती तशीच पुढे धाडते. कचेरीत ती शोभते. चुलीपाशी तिचा काही उपयोग नाही. सूचना बोलीच्या जवळ जाणाऱ्या साध्या मराठीत, लहान वाक्यांत असावी. प्रत्येक वाक्यात पालकाने काय करावयाचे ते असावे.

ती पोहोचवावी कशी, हाही प्रश्न लहान नाही. बहुतेक शाळांनी पालकांचे व्हॉट्सॲप गट केले आहेत. गटात संदेश टाकला की तो माझगावात बापाच्या हाती तत्काळ पडतो. परंतु मूल ज्या आजीजवळ आहे तिच्यापाशी बहुधा तसला मोबाईल नसतो. वहीतील कागद आजीला मिळतो, तो बापाला दिसत नाही. दोन टोकांच्या घरास दोन्हीकडून सांगावे लागते. मुलांकडून सूचना वर्गात मोठ्याने वाचून घ्यावी व घरी जाऊन ती तोंडी सांगावयास लावावी, दुसऱ्या दिवशी "आजी काय म्हणाली?" असे विचारावे. आणखी एक मार्ग कोकणात आयताच उपलब्ध आहे. गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या मुंबई शाखा असतात, आणि मे महिन्यात सत्यनारायणाच्या पूजेच्या निमित्ताने मुंबईकर व गावकरी एकत्र बसतात. रंगमंदिराच्या वर्गणीची चर्चा तेथे दोन तास चालते. त्यातील दहा मिनिटे शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी मागून घ्यावीत. ह्या समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियमच आहे. बोलणे एखाद्या आईने केले तर ते अधिक पोहोचते, असा सर्वत्र अनुभव आहे.

सूचनेचा एक नमुना पुढे दिला आहे. तारखा शाळेने भरावयाच्या आहेत, आणि स्थानिक बोलीनुसार शब्द बदलण्यास हरकत नाही.

नमस्कार.

तुमच्या मुलाचा निकाल …… वारी, …… तारखेला सकाळी …… वाजता शाळेत मिळेल. आई, वडील, आजी, आजोबा, कोणीही एकाने मुलाबरोबर यावे. गुरुजी मुलाकडून तुमच्यासमोर वाचून घेतील. मुलाचे नाव आणि जन्मतारीख शाळेत बरोबर लिहिली आहे का, तेही त्या दिवशी बघून घ्या.

पाचवीच्या मुलाला पुन्हा परीक्षा द्यायला सांगितली असेल, तर ती …… तारखेला आहे. मुंबईला जायच्या आधी ही तारीख लिहून घ्या.

सुट्टीला मुंबईला जरूर जा. शाळा …… तारखेला उघडेल. पुस्तके पहिल्याच दिवशी मिळतील.

मूल तिकडेच ठेवायचा विचार असेल, तर जायच्या आधी शाळेत सांगा. दाखला लगेच मिळेल.

जाताना ठरले नव्हते आणि नंतर तिकडेच राहायचे झाले, तर गुरुजींना फोन करा. दाखला हातात नाही म्हणून थांबू नका. मुलाला जवळच्या शाळेत आधी बसवा. दाखला मागून येईल.

मुंबईहून मूल गावात राहायला आले असेल, तर कागद असोत वा नसोत, त्याला शाळेत घेऊन या.

सुट्टीत …… आणि …… या तारखांना मुख्याध्यापक सकाळी शाळेत असतील. जुन्या नोंदीचा उतारा ज्यांना हवा असेल त्यांनी त्या दिवशी यावे.

शाळेचा फोन ……

ह्या सूचनेची एक प्रत शाळेच्या दारावर चिकटवावी व एक मुंबईच्या मंडळाच्या चिटणीसाकडे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापूर्वी पाठवावी. शेवटच्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या नावापुढे "कोठे जाणार" असा रकाना करून तो निकालाच्या दिवशीच भरावा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू झाल्यावर, ह्या रकान्यातील प्रत्येक नावामागे एक फोन करावा आणि मूल ज्या शाळेत बसले तिचे नाव समोर लिहावे. ज्या नावापुढे शाळेचे नाव लिहिता येणार नाही त्याचा तपास लागेपर्यंत ते पान मिटू नये.